शांते, भाऊबीजेला माझ्या घरी ये

काकी, तू मला पहिली दिवाळीची शुभेच्छा पाठवलीस तेव्हा आपण दोघी एकाच जिन्यावर उभ्या होतो. तू खालच्या पायरीवर, मी वरच्या. तुझ्या एका हातात फराळाचं ताट होतं आणि दुसऱ्या हातात फोन. मी ताट घ्यायला हात पुढे केला तर तू ते मागे ओढलंस.

"थांब जरा. आदी तुला शुभेच्छा पाठवती."

अंगठ्यानं तू काहीतरी दाबलंस आणि माझ्या खिशातला फोन थरथरला. मी काढून पाहिला. कमळात बसलेली पणती, तिच्याभोवती गरगर फिरणाऱ्या चांदण्या आणि खाली सोनेरी अक्षरांत "शुभ दीपावली".

"पोचलं का?" माझ्या तोंडाकडे बघत तू विचारलंस. हात लांबवला असता तर माझ्या खांद्याला लागला असता, एवढ्या अंतरावरून!

"पोचलं," मी म्हणाले, आणि मगच ते ताट माझ्या हातात आलं.

मला इथं येऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. परभणीहून आलेली, हिंजवडीला नोकरी करणारी, भुकूममध्ये तुझ्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी मी. त्या दिवाळीला सुट्टी मिळाली नव्हती म्हणून तोंड पाडून बसले होते. तुला काकी म्हणायचं हे ठरलं होतं, पण मी "तुम्ही" म्हणायचे आणि तू वैतागायचीस. "तुमी तुमी काय लावलंय? मी काय सरपंच हाय व्हय?" त्या दिवशी जिन्यावरच, तोंडात करंजी असताना, मी तुला पहिल्यांदा "तू" म्हणाले. ते तुझ्या लक्षातही आलं नाही, इतकं ते तुला आधीपासून तसंच वाटत होतं.

भांडण मात्र आपलं दुसऱ्या वर्षी सुरू झालं. मी कागदवाली. लहानपणापासून दिवाळी जवळ आली की मी जाड कागद कापते, रंगवते, आत चार ओळी लिहिते आणि पाकिटं पोस्टात टाकते. तू वर आलीस, माझ्या पलंगावर पसरलेली शुभेच्छापत्रं उचलून बघितलीस आणि डोळे बारीक केलेस.

"आन् ह्ये पोचायचं कवा?"

"चार-पाच दिवस लागतील."

"तवर लोकांचा चिवडा संपल की गं!"

"संपू दे. शुभेच्छा राहील."

"माजी बघ. हितं दाबली की तिकडं टुंग."

तुझ्या त्या टुंगचा मला राग यायचा. रोज सकाळी फूल, गुरुवारी दत्त, सणाला पणत्या, आणि सगळं सगळ्यांना. मी तुला विचारलं, "ती कमळातली पणती तू कुणाकुणाला पाठवली होतीस?"

"समद्यास्नी."

"मग ती माझ्यासाठी नव्हतीच. तिच्यावर माझं नाव कुठं होतं?"

तू हातातलं शुभेच्छापत्र उलटंसुलटं केलंस, आत मी लिहिलेलं माझ्या मावशीचं नाव बोटानं चाचपलंस आणि खाली निघून गेलीस. मला वाटलं, रागावलीस. दुसऱ्या दिवशी कामावरून येते तर तू फाटकातच वाट बघत होतीस, आणि चेहरा असा खुललेला की घरात नातू झाला असावा.

"नाव पायजे न्हवं तुला? मंग नाव घिऊन म्हनती!"

आणि तू खरंच सुरू केलंस. चित्रं बंद. आता तुझा आवाज यायचा, ज्याचा त्याला वेगळा. संक्रांतीला मला आला, "वैशाली, तिळगूळ घे, गोड बोल, आन् वरचा नळ नीट बंद करत जा." पाडव्याला समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या भावजींना गेला, "भावजी, पाडव्याच्या शुभेच्छा, त्या गुडघ्याला तेल लावा." बचत गटातल्या एकीला शुभेच्छेच्या पोटातच सांगितलंस की तुझ्या नवऱ्याची दाढी त्याला शोभत नाही. पहाटे उठून पडवीत बसायचीस, फोन तोंडाशी धरून एकेकाचं नाव घ्यायचीस, आणि मला वर अंथरुणात अख्ख्या गावाच्या खोड्या ऐकू यायच्या. लोक हसायचे, पण सणाच्या दिवशी उशीर झाला तर विचारायला यायचे, "काकी, आमचं आलं न्हाई अजून?"

तरी आपलं भांडण मिटलं नाही. तू म्हणायचीस, नावाचं काम झालं, आता कागद कशाला. मी म्हणायचे, आवाज हवेत जातो, कागद हातात राहतो.

मग गेल्या वर्षीची दिवाळी आली.

वसुबारसेच्या सकाळी मी खाली आले तर तू फोन मांडीवर ठेवून गप्प बसलेली. तू आणि गप्प! मी घाबरलेच.

"समद्यांची नावं झाली," तू म्हणालीस. "एकीचंच ऱ्हायलं."

"कुणाचं?"

"शांतीचं."

तेव्हा तू मला पहिल्यांदा शांतामावशीबद्दल सांगितलंस. कोळवण खोऱ्यात तुमची घरं शेजारी शेजारी. दोघी एकाच गुडघाभर चिखलात वाकून भाताची रोपं लावायच्या, एकाच शाळेतून चौथीला बाहेर पडल्या. ती तुझ्याआधी लग्न होऊन ताम्हिणीचा घाट उतरून कोकणात गेली. पहिल्या दिवाळीला माहेरी आली तेव्हा तुम्ही दोघी ओढ्याकाठी बसून एवढं बोललात की घरच्यांना शोधायला यावं लागलं. ती शेवटची भेट. पुढच्या वर्षी तिच्या वडिलांनी घर-जमीन विकली आणि ते मुलांसोबत कुठंतरी निघून गेले. तुझंही लग्न झालं, तू भुकूमला आलीस. ती कुठं आहे हे तुला ठाऊक नाही, तू कुठं आहेस हे तिला ठाऊक नाही.

"माहेरच ऱ्हायलं न्हाई तर पोरगी येनार कुटं?" तू म्हणालीस. "माजा राग त्यो हाय. ती माज्या माहेरी येऊ शकत हुती की."

"पण काकी, तिचा नंबर नाही, पत्ता नाही. तू पाठवणार कुणाला?"

तू माझ्याकडे बघितलंस. तुझ्या डोळ्यांत एकदम ते दिसलं, ती काहीतरी सुचल्याची चमक.

"समद्यास्नी! कुनीतरी वळखत आसंल!"

पुढचा अर्धा तास काय धांदल उडवलीस, काकी! तू हिरवी साडी नेसलीस, अंगणात गायवासराची रांगोळी आधीच काढलेली होती तिच्यामागे पाट मांडून बसलीस, आणि फोन माझ्या हातात दिलास. आवाज नको, आता चेहरा दिसला पाहिजे. "म्हातारी झाली आसंल तरी मला वळखायला पायजे." दोनदा तू मध्येच हसलीस, एकदा कोंबडा ओरडला, आणि चौथ्या की पाचव्या खेपेला तू सरळ माझ्याकडे, म्हणजे फोनकडे, बघून बोलायला लागलीस. ते मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे.

"मी मंदा. भुकूमची. माहेर कोळवण खोऱ्यात. शांते, ह्ये तुज्यासाठी हाय. तुज्या बापानं घर इकलं, तुजं माहेर ऱ्हायलं न्हाई, म्हनून तू आली न्हाईस, ह्ये मला म्हाईत हाय. पन मी हाय न्हवं? माजं घर हाय न्हवं? मंग भाऊबीजेला माज्या घरी ये. करंज्या केल्यात. तुला दिवाळीच्या लई लई शुभेच्छा."

आणि मी थांब म्हणायच्या आत तू स्वतःचा फोन नंबर सांगून टाकलास. दोनदा. दुसऱ्यांदा सावकाश.

बचत गटाच्या ग्रुपवर गेलं, गावाच्या ग्रुपवर गेलं, तुझ्या माहेरच्या ग्रुपवर गेलं. संध्याकाळी संतोषदादा घरी आला तेव्हा त्याच्या कारखान्यातल्या कुणीतरी त्याला दाखवून झालं होतं. तुझा मुलगा शांत माणूस, पण त्या दिवशी चपला न काढताच आत आला.

"आई, नंबर कशाला सांगितलास? कुनीबी फोन करील!"

"करू दे की. मी तेच तर म्हनतीय."

धनत्रयोदशीला फोन वाजायला लागले, आणि नरक चतुर्दशीला तर तू अंगाला उटणं लावून बसलेली, ओल्या हातानं फोन धरता येईना, म्हणून मी तो तुझ्या कानाशी धरून उभी! किती शांता होत्या, काकी! साताऱ्याची शांता, बेळगावची शांता, नाशकाकडची एक शांताबाई जी म्हणाली, मी तुमची नाही पण मला कुणी इतकं बोलावलं नाही कधी, म्हणून फोन केला. तू प्रत्येकीला विचारायचीस, "ओढ्याकाठी काय खाल्लं हुतं ते सांग." ती गोंधळली की तू म्हणायचीस, "आसू दे, आसू दे. तूबी शांताच हाईस. दिवाळी चांगली जाऊ दे तुजी." एक जमिनीचा दलालही आला मध्ये. कोळवणची जागा विकायची आहे का विचारत होता. "तुलाबी शुभेच्छा बाबा, ठेव आता," म्हणालीस.

आणि मग त्या बायकांचे फोन यायला लागले ज्यांचं नाव शांता नव्हतंच. त्यांचे आवाज वेगळे असायचे, जरा दबके. जालन्याकडची एक म्हणाली, माझा भाऊ गेला, वहिनी दारात उभं करत नाही. एकीचं अख्खं गाव धरणात गेलं होतं. एकीनं प्रेमविवाह केला म्हणून तिच्यासाठी दार बंद झालं होतं आणि तिचे केस आता पांढरे झाले होते. तू ऐकायचीस. तुझं उटणं वाळून पापड व्हायचं आणि तू ऐकत राहायचीस. शेवटी त्यांचं नाव विचारायचीस, आणि ते नाव घेऊन दिवाळीच्या शुभेच्छा द्यायचीस. बस, एवढंच. पण फोन ठेवताना त्यांचा आवाज निराळाच झालेला असायचा. मी तिथंच उभी होते, मी ऐकलंय.

सारिकावहिनीला मात्र धास्ती. तुझ्या सुनेला मुळात फोनवर बोलायचाच कंटाळा. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "आई, ह्यातल्या निम्म्या जरी आल्या तरी फराळ पुरायचा न्हाई."

निम्म्या नाही आल्या. पण भाऊबीजेला सकाळी फाटक वाजलं आणि तू धावलीस. गुडघे दुखत असलेली तू धावलीस! बाहेर एक अनोळखी बाई होती, हातात पेढ्यांचा पुडा. पिरंगुटला एका कंपनीत पॅकिंगचं काम करणारी, मूळची वर्ध्याकडची.

"मी शांता नाही," ती म्हणाली. "पण माझंही माहेर राहिलं नाही. आत आले तर चालेल का?"

"मंग भाईर का हुबी? चपला काढ आन् ये."

तिच्या मागोमाग वरच्या नव्या सोसायटीतली एक आली, मोटारीतून, कडक इस्त्रीची साडी, आणि उंबऱ्यातच रडायला लागली. मग आणखी एक. तू त्यांना पाटावर बसवलंस, खाऊ घातलंस, आणि मग तुला आठवलं की भाऊबीज आहे तर भाऊ पाहिजे. संतोषदादा मागच्या दारानं सटकत होता. तू त्याला हाताला धरून आणलंस.

"आई, मी ह्यांना वळखत न्हाई!"

"त्याबी तुला वळखत न्हाईत. बस."

तीन परक्या बायकांनी त्याला ओवाळलं. त्याचे कान लालभडक झाले होते. ओवाळणी घालायला त्यानं खिसा चाचपला तर खिशात काहीच नाही, आणि मग वहिनी, हीच आपली वैतागलेली वहिनी, आतून स्वतःच्या कपाटातले चोळीचे नवे खण घेऊन आली आणि मुकाट्यानं त्याच्या हातात ठेवले. वर्ध्याच्या बाईनं तो खण डोळ्यांना लावला. दादा खाली बघत राहिला. नंतर दिवसभर कुणीही काहीही म्हटलं की तो एकटाच हसायचा.

पण शांतामावशी आली नाही. संध्याकाळी तू पाट उचललास आणि म्हणालीस, "आसंल कुटंतरी." मी तुझ्या पाठीवर हात ठेवला, तर तू तो झटकलास. "आगं, ह्या तिघी आल्या की! रडायला काय झालं?" आणि खरंच तू रडत नव्हतीस.

ती आली तुळशीच्या लग्नाच्या दिवशी. न सांगता, एसटीनं, घाट चढून. तू अंगणात वृंदावनाला चुन्याचे ठिपके देत होतीस. फाटकातून एक उंच, वाळकी, नऊवारीतली बाई आत आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि ओरडली.

"समद्या जगाला सांगितलंस व्हय गं, माजं माहेर ऱ्हायलं न्हाई म्हनून?"

तुझ्या हातातली चुन्याची वाटी पडली.

"माज्या नातसुनेच्या फोनवर आलं! तिच्या माहेरच्यांनी बघितलं! माजी समदी आब्रू गेली!"

"मंग फोन का न्हाई केलास?" तूही ओरडलीस.

"फोनवर नीट भांडता येत न्हाई!"

आणि भांडलात तुम्ही! वृंदावनाच्या दोन बाजूंना उभ्या राहून भांडलात. तू म्हणालीस, एवढी वर्षं कुठं मेली होतीस. ती म्हणाली, मी आले होते. एकदा पोराला काखेत घेऊन कोळवणला आले होते, आमच्या घराला परक्यांचं कुलूप बघितलं आणि त्याच एसटीनं परत गेले.

"आगं, कुनालाबी इचारायचं हुतंस!"

"काय इचारू? माज्याच गावात माजं घर कुटं हाय म्हनून इचारू?"

तू पुढे गेलीस आणि तिचा चेहरा दोन्ही हातांत धरलास. तुझे हात चुन्यानं भरलेले होते. तिच्या दोन्ही गालांवर पांढरे पंजे उमटले आणि ते बघून आधी तू हसलीस, मग मी, मग कशाला हसताय म्हणून चिडत चिडत तीही. तुळशीचं लग्न शेजाऱ्यांनी लावलं. तुम्हा दोघींना शुद्धच नव्हती.

दुसऱ्या दिवशी तूच काढलंस, चला कोळवणला. दादानं जीप काढली. तिच्या घराच्या जागी आता उंच भिंतीमागचं फार्महाऊस. शांतामावशी जीपमधून उतरेना. "लोकांच्या दारात काय म्हनून जायाचं?" तू मात्र सरळ जाऊन घंटी दाबलीस. आतून एका म्हाताऱ्या शहरी गृहस्थांचा आवाज आला, "कोण पाहिजे?"

"दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला आलोय!"

मग फाटक उघडलं. "माझ्याकडे?" ते म्हणाले. "या, या ना." त्यांची मुलं परदेशात होती, आणि त्या मोठ्या घरात त्या दिवाळीला आपण पहिलेच पाहुणे होतो. शांतामावशी हिरवळीवर पाऊल टाकताना आधी चाचपत होती, मग तिची चाल बदलली. "हितं चूल हुती. हितं गाय बांदायचो. हितं माजी आई बसायची." पोहण्याच्या निळ्या तलावापाशी ती थबकली, आणि मोठ्यानं म्हणाली, "आगं बया! हितं आमचा उकिरडा हुता!" ते आजोबा इतके हसले की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. निघताना ते तिला म्हणाले, दर दिवाळीला या. तिनं मान डोलावली, जणू ती तारीख तिनंच त्यांना दिली होती.

जीपमध्ये तू मला कोपरानं ढोसलंस. "हरलीस का न्हाई? तुज्या कागदानं सापडली आसती का ती?" मी म्हणाले, सापडली ती नावामुळं, आणि नाव हवं हे माझं म्हणणं होतं. "सगळ्यांना पाठवलं" हे तुझं, "तिचं नाव घेतलं" हे माझं. आपण भुकूमपर्यंत भांडत आलो. काकी, मी अजूनही हरलेले नाही, हे सांगून ठेवते.

त्यानंतर तुमचं सुरूच झालं. मावशीला नातसुनेनं फोन घेऊन दिला. संक्रांत, होळी, पाडवा, नागपंचमी. तिच्या शुभेच्छा म्हणजे शिव्याच असायच्या आणि तू त्या मला मोठ्यानं ऐकवायचीस, पुन्हा पुन्हा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. दिवाळीत फोन केलेल्या त्या बायकांची नावंही तू आता सणाच्या पहाटे घ्यायचीस. एका बाईला उतारवयात एवढा आनंद होऊ शकतो हे मी तुझ्या पडवीत बघितलं.

उन्हाळ्यात मला बंगळूरला जायची संधी आली होती. बढती होती. मी नाही म्हणाले. ऑफिसात काहीतरी कारण दिलं, तुला काहीच सांगितलं नाही, कारण तू म्हणाली असतीस, "येडी का गं?" आणि मला उत्तर देता आलं नसतं. आता देते. सणाच्या पहाटे जाग यावी आणि खालून कुणीतरी एकेकाचं नाव घेत असावं, हे मला बंगळूरला मिळालं नसतं. हे तुझ्या तोंडावर सांगायला हवं होतं. राहिलं.

यंदा गौरी गेल्या आणि थोड्याच दिवसांत तू गेलीस. कसं झालं ते मी लिहीत नाही, ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. शांतामावशी दहाव्याला आली. कुणाशी बोलली नाही. दुपारी जिना चढून माझ्या खोलीत आली, पलंगाच्या कडेवर टेकली.

"आमी लई भांडलो न्हवं?"

"खूप," मी म्हणाले.

"बरं झालं. भांडाय तरी मिळालं."

आणि परवा दसरा झाला. आपल्याकडे वर्षभर सण नाही, म्हणून दाराला तोरण नाही, सोनं वाटणं नाही. कुणी शुभेच्छाही पाठवल्या नाहीत. सगळे रीत पाळत होते, त्यांचं काही चुकलं नाही. पण काकी, सणाच्या सकाळी तुझं घर इतकं मुकं मी कधी ऐकलं नव्हतं. मी खाली येऊन बसले. दादा पेपर धरून बसला होता, पान उलटत नव्हता. वहिनी तांदूळ निवडत होती.

तेवढ्यात तुझा फोन वाजला.

तो दादानं चार्ज करून ठेवला होता, कशासाठी ते त्याला कुणी विचारलं नव्हतं. आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत राहिलो. वाजून वाजून बंद झाला आणि लगेच परत वाजायला लागला. दादा उठला, पण त्याच्यानं पुढे जाववेना. मी उठायच्या आत वहिनीनं ताट बाजूला सारलं, पदराला हात पुसले आणि फोन उचलला.

पलीकडून मोठा, हौशी आवाज आला. जालन्याकडची ती, जिची वहिनी तिला दारात उभं करत नाही. तिला काहीच माहीत नव्हतं. "मंदाताई! आज मी आधी! दसऱ्याच्या शुभेच्छा!"

वहिनीनं डोळे मिटले. मग म्हणाली, "आई न्हाईत ओ आता. गेल्या. मी सून बोलतीया, सारिका."

पलीकडे बराच वेळ नुसतं रडणं. वहिनीनं फोन कानावरून काढला नाही. फोनवर बोलायचा कंटाळा असलेली आपली वहिनी भिंतीला टेकून उभी राहिली आणि त्या बाईला रडू दिलं. मग हळूच विचारलं, "तुमचं नाव काय? ... छायाताई. बरं. छायाताई, तुमी जेवलाय का? ... मंग जेवा आदी. सनाचा दिस हाय. तुमाला दसऱ्याच्या शुभेच्छा. आन् दिवाळीला फोन करा. मी उचलंन."

तिनं फोन खाली ठेवला. दादानं तोंडासमोर पेपर धरला होता आणि पेपर हलत होता. वहिनी पुन्हा तांदळाच्या ताटाशी बसली, एक खडा काढून बाजूला टाकला, आणि फोन परत वाजला.

"घ्या," ती आम्हाला म्हणाली, आणि हसली, काकी, खरंच हसली. "आता ही कोन?"